झरीचा हादरा, घोलवडचा भोंगा

झरीच्या पाड्यावर चिमणला कुणी विचारलं, की बाबा, तू हल्ली काम काय करतोस, तर तो चेहरा गंभीर करून सांगतो, "भूकंप राखतो." समोरचा हसला की तोही हसतो आणि पुढचं स्वतःच बोलून टाकतो, "शेत राखणारा निदान डुकरं तरी हाकलतो. मी नुसता बघतो, आणि हादरा आला की मुंबईला कळवतो. ते पण मी नाय कळवत, डबा कळवतो. मी डब्यावरची धूळ पुसतो."

हा चिमणचा जुना हातखंडा. दुसऱ्याने चिडवायच्या आत तो स्वतःलाच चिडवून मोकळा होतो, म्हणजे दुसऱ्याच्या हाती काही उरत नाही. जीप चालवायचा तेव्हाही असाच होता. जीप बंद पडली की प्रवासी बोंबलायच्या आधी हाच बोंबलायचा, की असला भिकार ड्रायव्हर आणि असली भिकार गाडी उभ्या तालुक्यात सापडायची नाही. लोक मग उलट त्याचीच समजूत काढत गाडी ढकलायचे.

तलासरी नाका ते झरी अशी ती काळी-पिवळी जीप त्याने कितीतरी वर्षं हाकली. ती इतकी म्हातारी झाली, की पासिंग करणारा साहेब तिच्याकडे बघूनच मान हलवायला लागला. जीप भंगारात गेली आणि चिमण घरी बसला. त्याच सुमाराला एका संस्थेचे लोक जागा शोधत आले. या भागात गेली काही वर्षं जमीन सारखी हलते, हे आता कुणाला नवं नाही. सुरुवातीच्या त्या हिवाळ्यात तर गावंच्या गावं घराबाहेर ताडपत्र्यांखाली झोपली होती. संस्थेला यंत्र बसवायला घट्ट कातळ हवा होता, आणि चिमणच्या बांधावर कातळाशिवाय दुसरं काही उगवतच नव्हतं. "माझ्या बापजाद्यांनी ज्या जमिनीला शिव्या घातल्या, तीच शेवटी नोकरीला लागली," असं चिमण म्हणतो. जागा त्याची, म्हणून राखणही त्याची.

यंत्र म्हणजे कातळात खड्डा करून त्यात बसवलेला एक जड डबा. वर पत्र्याची खोली, छपरावर सौर पॅनेल, शेजारी खांब आणि खांबावर अँटेना. चिमणचं काम असं, की पॅनेल पुसायचं, शेळ्या लांब ठेवायच्या, आणि खोलीतल्या टॅबवर सगळं हिरवं दिसतं ना ते बघायचं. पहिल्याच महिन्यात मुंबईहून कविता मॅडमचा फोन आला. या मॅडम संस्थेत या यंत्रांचं सगळं पाहायच्या.

"चिमणभाऊ, रोज सकाळी तुमच्याकडे धप्पकन काहीतरी पडतं. यंत्रात दिसतं. काय असतं ते?"

चिमणने बराच विचार केला. मग त्याच्या लक्षात आलं, की रोज सकाळी तो फाटक उघडायचा आळस करतो आणि कुंपणावरून आत उडी मारतो.

"मॅडम, तो मीच," तो म्हणाला. "जेवण कमी करतो."

ही गोष्ट त्याने त्याच दिवशी रघ्याच्या चहाच्या टपरीवर स्वतःच जाऊन सांगितली. आपण इतके वजनदार आहोत की मुंबईपर्यंत नोंद होते, असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं आणि घरी जाऊन फाटकाच्या कडीला तेल घातलं.

त्याची बायको संगिता घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जाते. सकाळी वाडीचा टेम्पो तलासरीवरून बायकांना भरून नेतो आणि संध्याकाळी परत सोडतो. पॅकिंगची शेड जुनी, कौलारू, लांबलचक, आणि दार एकच. आत दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून डोक्याच्या वर जाईल एवढी क्रेटची थप्पी. मध्ये बायका बसून चिकू निवडतात, मोठे वेगळे, बारके वेगळे, डागी वेगळे. संगिताची जागा अगदी मागच्या भिंतीपाशी. उजेड तिथे बरा येतो, म्हणून ती तिनेच मागून घेतलेली. पण तिचा उजवा गुडघा धड नाही. बसली की बसली, उठायचं तर आधी हात टेकायचा, मग गुडघा समजवायचा, मग उठायचं. जमीन हलली की पुढच्या पोरी भुर्रकन बाहेर जातात. संगिता दाराशी पोचेपर्यंत हादरा येऊन गेलेला असतो. आजवरचे हादरे छोटे होते म्हणून बरं. पण वरची कौलं आणि बाजूची थप्पी, या एका गोष्टीवर चिमणला विनोद सुचायचा नाही.

म्हणून संस्थेने चाचणीसाठी जो भोंगा बसवायचा ठरवला तो घोलवडच्या त्याच शेडच्या दारावर बसवला, तेव्हा चिमणला आपणच संस्था चालवतो असं वाटायला लागलं. हिशोब सरळ होता. हादरा इकडे झरी-धुंदलवाडीच्या पोटात सुरू होतो. तो घोलवडपर्यंत जमिनीतून चालत जातो, त्याला थोडा वेळ लागतो. यंत्राची खबर मोबाईलच्या टॉवरवरून जाते, ती त्याच्या आधी पोचते. खबर आधी पोचली की भोंगा वाजतो, आणि जमीन हलायच्या आत संगिताला गुडघा समजवायला चार-पाच श्वास मिळतात. सगळा डाव त्या चार-पाच श्वासांचा.

भोंगा बसवला त्या आठवड्यात कविता मॅडम स्वतः झरीला आल्या. त्यांनी टॅब उघडून चिमणला दाखवलं, "हे बघा. डबा जमिनीची हालचाल मोजत राहतो आणि ती पाकिटांत भरून पाठवतो. आतापर्यंत असं होतं, की पाकीट पूर्ण भरलं तरच निघायचं. त्यात उशीर होतो. आता आपण लहान पाकीट करतोय. भरलेलं असो, रिकामं असो, ठरलेल्या वेळी निघणार."

"रिकामं पण?" चिमणने विचारलं.

"रिकामं पण."

चिमणने मान हलवली. मॅडमनी सेटिंग बदललं, काही अडलं तर यंत्र बंद-चालू कसं करायचं ते शिकवलं, संगिताच्या हातची नाचणीची भाकरी खाल्ली आणि त्या गेल्या.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा पुढे झाला, आणि तो चिमणने केला.

टॅबवर प्रत्येक पाकीट एका चौकोनासारखं दिसायचं. जेवढं भरलेलं तेवढं हिरवं, बाकी पांढरं. आता एकामागून एक चौकोन निघत होते आणि सगळे जवळजवळ पांढरेच. तळाशी जेमतेम हिरवी रेघ. चिमण स्टुलावर बसून बघायचा आणि त्याचा जीव तळमळायचा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात जागा भरल्याशिवाय गाडीची किल्ली फिरवली नाही, पुढच्या सीटवर चार माणसं बसवून पाचव्याला "सरका जरा, सरका, खूप जागा हाय" म्हटलं, मागच्या पायरीवर दोघं लटकल्याशिवाय ज्याला गाडी भरल्यासारखी वाटलीच नाही, त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर रिकाम्या गाड्या सुटत होत्या. एकामागून एक. नुसता ड्रायव्हर घेऊन.

"काय पण धंदा आहे," तो संगिताला म्हणाला. "अशी गाडी चालवली असती तर तू माझ्याशी लगीनच नसतं केलं."

"भरलेली चालवायचास तरी कुठे करणार होते," संगिता म्हणाली. "बाबाने केलं."

त्यात यंत्राच्या सिमवर मेसेज आला, की इंटरनेटचा पॅक संपत आला आहे. लहान पाकिटं जास्त निघतात आणि प्रत्येकावर ठिकाण, वेळ असलं सगळं लिहावं लागतं, त्यामुळे पॅक भराभर उडतो. मॅडमना हे माहीत होतं, त्या मोठा पॅक टाकणारच होत्या. चिमणला ते माहीत नव्हतं. त्याने जीपचा हिशोब लावला: रिकाम्या फेऱ्यांनी डिझेल जळतंय. पॅक संपला, तर भोंगा मुका होणार. भोंगा मुका झाला, तर संगिताचं काय? म्हणजे बघा, बायकोच्या काळजीनेच माणसाची बुद्धी कशी चालायला लागते. त्याने मॅडमनी दाबलेलं बटण आठवून आठवून शोधलं आणि पुन्हा जुन्यावर आणून ठेवलं: पाकीट भरल्यावरच पाठवा.

चौकोन हिरवेगार व्हायला लागले. जमीन शांत असली की सांगण्यासारखं फार नसतं, म्हणून पाकीट भरायला वेळ लागायचा. पण निघायचं तेव्हा गच्च भरून निघायचं. चिमणला गार वाटलं. तो रघ्याच्या टपरीवर गेला आणि छाती फुगवून म्हणाला, "मुंबईवाल्यांना गाडी चालवता येत नाय. मी आता सगळ्या फेऱ्या भरून सोडतो." रघ्याला यातलं काही कळलं नाही. त्याने चहा दिला.

मग एका दुपारी हादरा आला. फार मोठा नव्हता, पण भांडी पडली, शेळ्या ओरडल्या. चिमण बाहेर पळाला आणि धरणी थांबल्याबरोबर खोलीत जाऊन टॅब बघू लागला. सगळं हिरवं होतं. आता घोलवडला आपल्या भोंग्याने काय कमाल केली असेल, संगिता आल्यावर काय काय सांगेल, याचा विचार करत तो संध्याकाळची वाट बघत बसला. त्याने भातसुद्धा लावून ठेवला.

संगिता आली ती लंगडत. चप्पल काढली, ओट्यावर बसली आणि पाणी प्याल्याशिवाय बोलली नाही.

"तुझा भोंगा आला," ती म्हणाली. "पाहुणा येतो ना पंगत उठल्यावर, तसा आला."

झालं असं होतं. शेड हलायला लागली, क्रेट घसरायला लागले, आणि बायका दाराकडे पळाल्या. पुढच्या बायका दारात पोचल्या तेवढ्यात डोक्यावर भोंगा कोकलला. तो आधी वाजणार असं सगळ्यांना सांगितलेलं. त्यामुळे पुढच्यांना वाटलं, आताचा तर छोटा होता, खरा मोठा हादरा अजून यायचाच आहे. त्या दारातच थबकल्या. मागच्या त्यांच्यावर आदळल्या. रानशेतची बुधीबाई, संगिताशेजारी बसून डागी चिकू काढणारी म्हातारी, त्या चेंगराचेंगरीत पडली आणि तिचं मनगट मोडलं. संगिता तिच्या मागेच होती. ती भिंत धरून उभी राहिली, म्हणून वाचली.

"बायका म्हणतात भोंगा काढून टाका," संगिता म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या डब्याचं हाय, एकदा बघू. सगळ्या गप बसल्या, पण माझ्याकडे कशा बघत होत्या ते मलाच माहीत."

चिमणने भात वाढला. एरवी अशा वेळी तो काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. आज त्याने तो प्रयत्नच केला नाही, कारण उशीर कुठे झाला असेल याची पुसट शंका त्याला आली होती आणि ती त्याला अजिबात आवडली नव्हती.

सकाळी मॅडमचाच फोन आला.

"चिमणभाऊ, सेटिंग कुणी बदललं?"

चिमणकडे उत्तरं तयार होती. वीज गेली होती, हे एक. शेळी आत शिरली होती, हे दुसरं. शेळीने टॅबवर पाय दिला असं म्हणावं, तर नेमकं तेच बटण दाबायला शेळी शिकलेली पाहिजे. "मी बदललं," तो म्हणाला. "रिकाम्या गाड्या बघवेनात."

मग मॅडमनी सगळं विचारून घेतलं, पॅकचा मेसेज, चौकोन, जीप, सगळं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर चिमणला सोपं गेलं असतं.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मी का बदलतेय ते नीट सांगितलं नाही. आता तुमच्या जीपवरूनच सांगते. हादरा सुरू झाला त्याची पहिली बातमी पाकिटात येऊन बसली. पण पाकीट भरलेलं नव्हतं. म्हणून ती बसून राहिली. तुम्ही बाहेर उभं राहून हाका मारत होतात, अजून दोन सीट, अजून दोन सीट. गाडी भरून निघाली, तोवर हादरा घोलवडला पोचला होता."

चिमण स्टुलावर बसला. त्याला बुधीबाई दिसली आणि तिच्या मागे भिंत धरलेली संगिता दिसली. आपण बायकोला वाचवायला म्हणून जे केलं, त्यानेच ती अडकली, या विचाराने त्याला स्वतःची इतकी चीड आली, की त्या चिडीवर हसायचंही त्याच्याने झालं नाही. मॅडम फोनवर सांगत गेल्या आणि त्याने सेटिंग पुन्हा लहान पाकिटावर आणलं. पांढरे चौकोन पुन्हा धावायला लागले.

"अजून कुठे वेळ जातो?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडचा सिग्नल मधे मधे तुटतो. मग पाकीट पुन्हा पाठवावं लागतं. अँटेनासमोर काही आहे का?"

होतं. चिमणच्याच बांधावरची बांबूचं बेट वाढून थेट टॉवरच्या आड आलं होतं. ते त्याने त्याच दुपारी तोडलं. खांबाची उंची वाढवली, वायरचा सैल जोड मॅडमच्या माणसाकडून पक्का करून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो बुधीबाईला बघायला रानशेतला निघाला. सोबत गावठी अंडी घेतली. चिकू न्यायचे त्याच्या मनात आलं होतं, पण चिकूच्या शेडमध्येच हात मोडलेल्या बाईला चिकू नेणारा माणूस आपल्याआधी कुणी झाला नसेल, एवढं त्याच्या वेळेवर लक्षात आलं.

नाक्यावर नितीनची जीप लागलेली होती. नितीन म्हणजे चिमणच्या हाताखाली गाडी शिकलेला. चिमण आत जाऊन बसला. मांडीवर अंड्यांची पिशवी. गाडी अर्धी रिकामी. नितीन बाहेर उभा राहून ओरडत होता. एक बाई आली. नितीन ओरडतच राहिला. उन्हाने पत्रा तापला. अंडी उबून पिल्लं निघतील असं चिमणला वाटायला लागलं.

"अरे सोड ना आता," तो खिडकीतून म्हणाला.

"अजून दोन सीट, चिमणभाऊ."

"आत बसलेल्याला काही काम असेल, कुणाचा जीव अडकला असेल, काय विचार हाय का नाय?"

नितीनने आत डोकं घालून त्याच्याकडे नवल करत बघितलं. "चिमणभाऊ, हे तुम्हीच शिकवलंय. बोलायचे ना, गाडी भरल्याबिगर हलवशील तर कान उपटीन म्हणून."

बाकीचे प्रवासी हसले. चिमणही हसला, आणि पिशवी सांभाळत मुकाट्याने बसून राहिला. जीपमधला प्रवासी आयुष्यात काय काय सोसतो, हे त्याला स्टेअरिंगच्या पलीकडे बसल्यावर कळत होतं.

बुधीबाई ओट्यावर प्लास्टर मांडीवर ठेवून बसली होती. चिमणने सगळं सांगितलं. पाकीट, बटण, रिकाम्या गाड्या, काही लपवलं नाही. तिला अर्धं समजलं. पण दोष समोरच्याचा आहे, हे तिला पूर्ण समजलं.

"म्हणजे तू माझा हात मोडला," ती म्हणाली.

"हो, बाय."

"बायकोचा पण मोडला असता."

"हो."

बुधीबाईने पिशवीत डोकावून अंडी बघितली. "तुझी संगिता भांडली आमच्याशी, भोंगा ठेवा म्हणून. माझा हात लटकत होता नि ती तुझ्या बाजूने बोलत होती. आता एकदा आधी वाजू दे. नाय वाजला, तर मी एका हाताने काढून टाकीन. आणि तिला पुन्हा तोंड दाखवू नको, तीच येणार नाय तुझ्याकडे."

चिमण परतला तो बदललेलाच माणूस. म्हणजे असं त्याचं मत. बाकीच्यांच्या मते त्याला भूत लागलं होतं. त्याला आता कुठलीच वाट बघवेना. रघ्याकडे चहा उकळत असताना "पुरे, पुरे, गाळ" म्हणून कच्चाच प्यायचा. रेशनच्या दुकानात दुकानदार जांभई द्यायला थांबला तरी हा त्याला घाई करायचा. रोज मॅडमना फोन करून विचारायचा, किती उशीर झाला, कालच्यापेक्षा कमी का जास्त. मॅडम सांगायच्या, कमी आहे, चांगला आहे, पण रोज फोन नको. मग हा एक दिवस आड करायला लागला. ज्या माणसाने प्रवाशांची अर्धी हयात नाक्यावर बसवून घालवली तो आता डोळ्याचं पातं लवण्याएवढ्या वेळासाठी भांडत होता, आणि यातली गंमत सगळ्यात आधी त्यालाच दिसत होती. तरी थांबवत नव्हतं. संगिता रोज सकाळी टेम्पोत चढताना दांडा धरून आधी डावा पाय वर टाकायची आणि उजवा मागून ओढून घ्यायची. तिकडे नजर गेली की तो पुन्हा मॅडमचा नंबर लावायचा.

एके दिवशी दुपारी संगिताने कामावरूनच फोन केला. फोन क्रेटवर ठेवून, स्पीकर लावून, हात चालू ठेवून बोलायची तिची सवय. काळ्या शेळीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून चौकशी होती. चिमण घरात, चुलीपुढे.

"थोडा पाला खाल्ला," तो सांगत होता. "पण मी काय म्हणतो, तिला..."

खालून दणका बसला. कुणीतरी जमिनीखालून लाकूड आपटावं तसा. मग सगळं घरच हलायला लागलं. फळीवरचे डबे खाली आले, भिंतीतून माती गळाली, तव्यावरची भाकरी राखेत पडली. चिमणला ओरडायचं होतं, संगिता, ऊठ, बाहेर पड. पण त्याच्या तोंडातून नुसतं "सं, सं" असं निघालं. फोन मात्र त्याच्या मुठीतच होता, आणि त्याचं तोंड उघडंच असताना त्या फोनमधून भोंगा कोकलला.

फोनमध्ये आरडाओरडा झाला. "चला, चला, उठा!" हा आवाज रविनाचा. ही शेडमधली तरुण पोर, संगिताच्या पुढच्या रांगेत बसणारी. मग संगिताचा, "हात दे गो, हात दे." क्रेट सरकल्याचे आवाज. धावणारी पावलं. चिमणच्या डोक्यावर कौलं खडखडत होती आणि तो घराच्या मधोमध उभा राहून फोनला कान लावून मोजल्यासारखे श्वास घेत होता. पळायचं त्याला सुचलंच नाही. एक श्वास. दुसरा. तिसरा. चौथा. मग इकडचं हलणं कमी होत आलं, आणि तिकडे, फोनमध्ये, लांबून गडगड सुरू झाली. क्रेट धडाधड पडले. काहीतरी फुटलं. कौलं असावीत. मग फोनच बंद झाला.

चिमणने पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. तो केव्हा अंगणात आला, त्याला कळलं नाही. पायात चप्पल नव्हती. जगात आजवर जेवढी माणसं ताटकळली असतील, त्या सगळ्यांची शिक्षा आपल्याला एकट्याला मिळते आहे असं त्याला वाटलं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. नंबर रविनाचा होता, आवाज संगिताचा.

"माझा फोन आतच ऱ्हायला. क्रेटखाली हाय, मेला असेल." तिला धाप लागली होती. "बाहेर हाय मी. सगळ्या हायत. कुणाला काय नाय. आधी वाजला रे. मी दाराच्या बाहेर चिकूच्या झाडाला धरून उभी ऱ्हायले, मग हललं. मागची कौलं सगळी खाली आली. मी बसते ना, तिथेच."

चिमण अंगणात उकिडवा बसला आणि डोळे पुसायला लागला, आणि एवढा मोठा बाप्या भरदुपारी अंगणात बसून रडतोय हे कुणी बघू नये म्हणून त्याने पाठ रस्त्याकडे केली.

"ऐकतोस ना?"

"हं."

"बायका हसतात, टाळ्या वाजवतात. बुधीबाईला सांगायला पाहिजे." मग तिने विचारलं, "तुझ्याकडे कधी वाजला? आमच्या आधी ना?"

"इथे भोंगा नाय."

"का? डबा तर तिथेच हाय."

"डबा इथे हाय म्हणूनच. हादरा इथूनच निघतो. डब्याला कळतं तेव्हा घर हलायला लागलेलं असतं. झरीला सांगायला वेळच नसतो. कितीही लहान पाकीट केलं तरी नाय." त्याने हसायचा प्रयत्न केला. "आपल्याकडे थेट सेवा हाय. मधे कुणी नाय."

संगिता हसली नाही. फोनमध्ये मागे बायकांचा गलका चालला होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं, आणि ती उत्तर देत नव्हती.

"हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आता कुठे हायस?"

"अंगणात."

"नि भोंगा वाजला तेव्हा?"

चुलीपुढे होतो, फोन कानाला लावून तुझी पावलं ऐकत होतो, हे चिमणला सांगता येईना. तिला ते न सांगताच कळलं असावं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "चूल विझव नि लगेच परत बाहेर ये. भांडी पडू दे, शेळी मरू दे. मी येईपर्यंत घरात पाय टाकायचा नाय. अंगणातच बसायचं. ऐकलं?"

"ऐकलं," चिमण म्हणाला.

त्याने चूल विझवली, बाज ओढून अंगणाच्या मधोमध टाकली आणि तिचा टेम्पो येईपर्यंत त्या बाजेवरच बसून राहिला.